बायोस अपडेट करताना लाईट गेली, आता पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच

प्रश्न : जामसंडे (देवगड), सोमवार रात्र

नमस्कार. आमची घरची हापूसची कलमं आहेत. ऑर्डरी, पत्ते, पेटीवर चिकटवायची लेबलं आणि गड्यांच्या मजुरीचा हिशेब, हे सगळं लग्न होऊन आल्यापासून माझ्याकडे आहे. त्यासाठी एक असेंबल केलेला डेस्कटॉप वापरते : बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, रायझन ३ २२००जी, आठ जीबी रॅम, साटा एसएसडी, विंडोज १०. शिमग्याला धाकटे भावजी डोंबिवलीहून आले, ते माझ्यासाठी रायझन ५ ५६००जी घेऊन. बोर्ड २०१८ सालचा आणि प्रोसेसर २०२१ चा. जुन्या बायोसला (मशीन चालू करून देणारा बोर्डातला प्रोग्राम) नवा प्रोसेसर ओळखता येत नाही, म्हणून जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करायचं आणि मगच नवा बसवायचा, असं त्यांनी मला बजावून सांगितलं. पालखी झाल्यावर ते परत गेले. काल दुपारी घरात निवांत होतं, तेव्हा मी एकटीच बसले.

फाइल कंपनीच्या साइटवरूनच घेतली. बोर्डावर छापलेलं मॉडेल आणि रिव्हिजन दोनदा ताडून पाहिलं. पेनड्राइव्ह एफएटी३२ करून बायोसच्या आतल्या सोयीतूनच अपडेट सुरू केलं. पट्टी साठ टक्क्यांच्या पुढे गेली आणि लाईट गेली. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी चार वर्षांची. तो एकदा ओरडला आणि दहा सेकंदांत बसला.

लाईट वीस मिनिटांनी आली. आता बटण दाबलं की पंखे पूर्ण जोरात फिरतात, कीबोर्डचे दिवे लागत नाहीत आणि मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणतो. रॅम काढून, खोडरबराने पुसून परत बसवली. दोन्ही खाचांत लावून पाहिली. नवा प्रोसेसरही घालून पाहिला. काही फरक नाही. बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं (मशीन चालू न होताही बायोस लिहिणारं) बटण असतं म्हणतात, ते माझ्या बोर्डाला नाही.

एका दुकानात फोटो दाखवला. ‘बोर्ड मेला, नवीन घ्या,’ एवढंच उत्तर मिळालं. मला ते पटत नाही. जळका वास नाही, काही फुटलेलं नाही. आत लिहिलं जात होतं ते अर्धवट राहिलं, इतकंच झालंय ना? मग ते पुन्हा लिहिता का येऊ नये?

पहिल्या पेट्या आठवड्याभरात निघतील. साडेतीनशे घरांचे पत्ते त्या मशीनमध्ये आहेत. कुणाला अढीतून काढलेला तयार आंबा लागतो, कुणाला हिरवा, कुणाकडे दुपारी दोननंतरच माणूस भेटतो, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. सासूबाई म्हणाल्या, “वहीत लिव गो, तिका लाईट लागना नाय.” खरंच आहे त्यांचं, पण लिहायचं तर पत्तेच आत अडकलेत. कुणी हे केलंय का?

—

उत्तर : कुडाळ, सोमवार रात्र

ताई, आधी पत्त्यांची काळजी सोडा. ते एसएसडीवर आहेत आणि बायोस वेगळ्या चिपमध्ये असतं. एसएसडीला काहीही झालेलं नाही. ती काढा, साटा टू यूएसबी केबल कुणाकडून तरी मिळवा, दुसऱ्या लॅपटॉपला लावून सगळं उतरवून घ्या. आजच घ्या.

दुसरं, पॉवर केबल काढून बोर्डावरचा सेल (सीआर२०३२) दहा मिनिटं बाहेर ठेवा आणि मग चालू करून पाहा. माझी अपेक्षा कमी आहे, कारण त्याने फक्त सेटिंग पुसली जातात, बिघडलेलं बायोस सुधारत नाही. पण फुकटचा उपाय आहे, करून टाका.

तिसरं, काही बोर्डांत सुरुवातीचा छोटा भाग, म्हणजे बूट ब्लॉक, शाबूत राहतो आणि तो पेनड्राइव्हवर बायोसची फाइल शोधतो. फाइल फोल्डरमध्ये न टाकता मोकळी ठेवा आणि तिला कंपनीच्या माहितीपुस्तकात सांगितलेलं नाव द्या. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत राहिला तर मशीनला पंधरा मिनिटं हात लावू नका.

—

जामसंडे, मंगळवार संध्याकाळ

भाच्याच्या लॅपटॉपवर सगळं उतरलं. साडेतीनशे पत्ते जसेच्या तसे आहेत. तुम्हाला काय सांगू, दोन रात्रींनी आज नीट जेवले. फार आभार.

सेल काढून झाला, उपयोग नाही. पेनड्राइव्हचा दिवा एकदा लागतो आणि विझतो. दोन वेगळे पेनड्राइव्ह लावून पाहिले. म्हणजे तो सुरुवातीचा भागही गेला असावा.

—

उत्तर : रत्नागिरी, मंगळवार रात्र

मी बावीस वर्षं बोर्ड दुरुस्त करतोय. तुमचं म्हणणं बरोबर आहे, बोर्ड मेलेला नाही. चालू झाल्यावर प्रोसेसरला पहिल्या सूचना जिथून मिळतात ती जागा बिघडली आहे. ती जागा म्हणजे आठ पायांची एक चिप, नखाहून लहान. सहसा सेलच्या किंवा चिपसेटच्या आसपास असते आणि तिच्यावर २५ ने सुरू होणारा नंबर असतो. तुमच्या पिढीच्या बोर्डावर बहुतेक १२८ मेगाबिटची असेल, म्हणजे १६ एमबी.

अर्ध्यावर लाईट गेली की काय होतं ते समजून घ्या, म्हणजे हात घाबरणार नाही. या प्रकारच्या फ्लॅश मेमरीत लिहिताना एकाचं शून्य करता येतं, शून्याचं एक करता येत नाही. त्यासाठी अख्खा खण आधी पुसावा लागतो आणि पुसला की त्यातला प्रत्येक बाइट एफएफ होतो. अपडेट चालू असताना असा एकेक खण पुसून नवा लिहिला जातो. तुमची लाईट त्या मधल्या क्षणी गेली. वरचा भाग नवा, मध्ये कोरी जागा, खालचा भाग जुना. असं ते मिश्रण प्रोसेसरला उमगत नाही.

उपाय म्हणजे चिप बाहेरून लिहिणे. सीएच३४१ए नावाचा यूएसबी प्रोग्रामर मिळतो, सोबत आठ पायांवर बसणारी चिमट्यासारखी क्लिप. क्लिपसकट काही शेकड्यांत येतो. बोर्डाच्या सगळ्या केबल सोडवा, सेल काढा. चिपच्या कोपऱ्यात एक ठिपका असतो, तो पाय नंबर एक. क्लिपची लाल तार त्या बाजूला. आधी चिप वाचा आणि ती फाइल जपून ठेवा, बिघडलेली असली तरी. बोर्डाचा सिरियल नंबर आणि ओळख त्यात असते, काही बोर्डांत नेटवर्कचा मॅक पत्तासुद्धा. दोनदा वाचा. दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या आल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण वाचनच डळमळीत असेल तर लिखाण नीट होणार नाही. मग पुसा, कोरी झाली का तपासा, नवी फाइल लिहा, पडताळा.

फाइलचा आकार बघायला विसरू नका. १६ एमबीच्या चिपसाठी ती बरोबर १,६७,७७,२१६ बाइटची हवी. काही कंपन्यांच्या ‘कॅप’ फाइलीत सुरुवातीला २,०४८ बाइटचं वेष्टन जास्तीचं असतं. ते यूईएफआयटूल नावाच्या प्रोग्रामने काढल्याशिवाय चिपवर लिहिलं तर सगळं २,०४८ बाइटनी सरकतं आणि बोर्ड चालू होत नाही. असे कितीतरी बोर्ड माझ्याकडे ‘प्रोग्रामरनेही झालं नाही’ म्हणून आले आहेत.

—

उत्तर : वेंगुर्ला, मंगळवार मध्यरात्र

ताई, वरच्या काकांचं सगळं बरोबर आहे, पण प्रोग्रामर लावण्याआधी थांबा. चिपवरची पूर्ण अक्षरं इथे लिहा. फक्त १२८ नाही, पुढची-मागची सगळी.

एएम४ च्या, म्हणजे तुमच्यासारख्या रायझनच्या, बऱ्याच बोर्डांवर १.८ व्होल्टची चिप असते. साधा सीएच३४१ए चिपला ३.३ व्होल्ट देतो, आणि काळ्या पाटीचा जो स्वस्त प्रकार सगळीकडे मिळतो त्याच्या डेटाच्या तारांवर तर ५ व्होल्ट येतात. मी मल्टिमीटर लावून स्वतः मोजलेत. तीन वर्षांपूर्वी मी हे न बघता क्लिप लावली होती. चिप पहिल्यांदा वाचली गेली, दुसऱ्यांदा चटका बसण्याइतकी तापली, आणि संपली. बोर्ड शेजाऱ्यांच्या मुलीचा होता. तिची परीक्षा जवळ आली होती. मी नवा घेऊन दिला, पण ते अजून मनातून जात नाही, म्हणून हे लिहितोय.

अक्षरं अशी वाचा. मॅक्रोनिक्सची असेल तर एमएक्स२५एल म्हणजे ३ व्होल्टच्या घरातली (२.७ ते ३.६) आणि एमएक्स२५यू म्हणजे १.८ ची (१.६५ ते २). विनबाँडमध्ये १२८ च्या लगेच पुढची दोन अक्षरं एफव्ही किंवा जेव्ही असतील तर ३.३, एफडब्ल्यू किंवा जेडब्ल्यू असतील तर १.८. गिगाडिव्हाइसमध्ये जीडी२५क्यू आणि जीडी२५एलक्यू, यातला ‘एल’वाला १.८. एका अक्षराचा फरक आहे.

चिपवरची छपाई फिकट असते. अंधार करून टॉर्च आडवा धरा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून फोटो काढा. समोरून उजेड टाकलात तर काहीच दिसणार नाही.

—

रत्नागिरी, बुधवार सकाळ

वेंगुर्ल्याचे म्हणतात ते खरं आहे. व्होल्टेजचं सर्वांत आधी लिहायला हवं होतं. माझ्या टेबलावरच्या प्रोग्रामरला व्होल्टेज बदलायची कळ आहे, म्हणून हाताला सवय झाली आणि लिहिताना राहून गेलं. ताई, अक्षरं वाचून होईपर्यंत काहीही मागवू नका.

—

जामसंडे, बुधवार दुपार

न्हाणीघराच्या अंधारात जाऊन आडव्या टॉर्चने फोटो काढले. अकराव्या फोटोत स्पष्ट आलं : एमएक्स२५यू१२८७३एफ. ‘यू’ आहे. दोन-तीनदा पाहिलं, ‘यू’च आहे.

म्हणजे काल रात्रीच ऑर्डर दिली असती तर साधाच आला असता आणि मी तो लावलाही असता. तुम्ही दोघांनी मध्यरात्री आणि पहाटे उठून हे लिहिलंत, ते मी विसरणार नाही.

आता प्रोग्रामर १.८ च्या अडॅप्टरसकट (व्होल्टेज खाली आणणारा) मागवते. आणखी एक दिसलं, चिपच्या दोन पायांवर हिरवट थर आहे. आमचं घर खाडीपासून चालत पाच मिनिटांवर. इथे कुलूप, बिजागऱ्या, शिलाई मशीनची सुई, सगळ्याला हे होतं.

—

वेंगुर्ला, बुधवार दुपार

तो खाऱ्या हवेचा चढलेला थर आहे. क्लिपचे दात त्याच्यावर बसले की संपर्क होत नाही आणि प्रोग्रामर चिप ओळखत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ दातघासणीने हलक्या हाताने घासा, तासभर वाळू द्या. पाणी किंवा लिंबू नको. बोर्ड थर्माकोलवर किंवा साध्या प्लास्टिकवर ठेवू नका, स्थिर विजेने नुकसान होतं. कोरड्या लाकडी पाटावर ठेवा.

—

जामसंडे, पुढच्या बुधवारी रात्री

पार्सल आज सकाळी आलं. मधल्या दिवसांत लेबलं हाताने लिहिली, सासूबाई पत्ते वाचायच्या आणि मी लिहायची. बेचाळीस पेट्या गेल्या. आता संगणकाचं सांगते, आणि सविस्तर सांगते, कारण शोधणाऱ्याला उपयोग होईल.

अडॅप्टर आल्याबरोबर बोर्डाला लावला नाही. प्रोग्रामरमध्ये अडॅप्टर बसवून मल्टिमीटरने मोजलं, १.८ च्या जवळ आलं. भाच्याचा लॅपटॉप पूर्ण चार्ज करून चार्जर काढून ठेवला, म्हणजे लाईट गेली तरी चालेल. बोर्ड आईच्या जुन्या सागवानी पाटावर.

क्लिप पहिल्यांदा लावली तर चिपची ओळख म्हणून नुसतं एफएफ एफएफ एफएफ. दुसऱ्यांदाही तेच. पोटात गोळा आला. मग तुम्ही सांगितलेलं आठवलं आणि पाय पुन्हा घासले. या वेळी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून प्रत्येक पाय वेगळा घासला. हिरवं जाऊन खालचा चंदेरी रंग दिसायला लागला. एक तास थांबले, त्या वेळात भात टाकला. परत क्लिप लावली आणि ओळख आली : सी२ २५ ३८. ही मॅक्रोनिक्सच्या १.८ व्होल्टच्या १२८ मेगाबिट चिपची ओळख असल्याचं सॉफ्टवेअरने दाखवलं.

दोनदा वाचली, दोन फाइलींचे हॅश (मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) वेगळे. क्लिप किंचित वाकडी बसली होती. दाबून सरळ केली, तिसरं आणि चौथं वाचन सारखं आलं. ती फाइल मी तीन ठिकाणी ठेवली आहे.

लिहिण्याआधी एक करून पाहिलं. वाचलेली फाइल आणि कंपनीची नवी फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतला एकेक बाइट दाखवणारा प्रोग्राम) शेजारी उघडल्या. रत्नागिरीच्या काकांनी लिहिलं होतं ते डोळ्यांनी दिसलं. सुरुवातीपासून बरंच पुढपर्यंत दोन्ही जवळजवळ सारख्या, मग एका जागी माझ्या फाइलीत ओळीच्या ओळी नुसतं एफएफ, आणि त्याच्यापुढे जुन्या आवृत्तीचा मजकूर, तारीखसुद्धा जुनी. लाईट कुठे गेली ती जागा मला बोट ठेवून दाखवता आली. आठवडाभर जे भुतासारखं मानगुटीवर बसलं होतं, ते इतकंसं होतं.

फाइलचा आकार पाहिला, बरोबर १,६७,७७,२१६. कॅप नव्हती. पुसलं, कोरी तपासली, लिहिलं, पडताळलं. ‘व्हेरिफाय ओके’ आलं तेव्हा भाचा ओरडला, मी मात्र गप्पच होते, कारण अजून चालू व्हायचं होतं.

सेल घातला, जुनाच २२००जी घातला, रॅमची एकच पट्टी. बटण दाबलं. पंखे फिरले, बंद झाले. परत फिरले, परत बंद. तिसऱ्यांदा फिरले आणि फिरतच राहिले, स्क्रीन काळी. मी हात बटणाकडे नेला आणि भाच्याने धरला. दीड मिनिटाने कंपनीचं चित्र आलं.

मी रडले. सांगायला लाज नाही.

—

रत्नागिरी, बुधवार रात्र

शाब्बास, ताई. ते आपोआप बंद-चालू होणं बरोबरच असतं. कोऱ्या बायोसला रॅमची ओळख नसते, म्हणून ते रॅमला वेगवेगळ्या वेळा (टायमिंग) लावून बघतं. भाच्याला माझ्याकडून शाबासकी द्या, कारण त्या दीड मिनिटात बटण दाबून घाबरलेली माणसं मी खूप पाहिली आहेत.

आता ५६००जी घालाल तेव्हा काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक संदेश येईल : नवा प्रोसेसर बसवला आहे, एफटीपीएम (प्रोसेसरमधली गुप्त किल्ल्या ठेवायची जागा) रीसेट करायचं का, वाय की एन. तुमच्या डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) असेल तर वाय दाबण्यापूर्वी ४८ आकड्यांची रिकव्हरी की हाताशी हवी, नाहीतर डिस्क उघडणार नाही. एसएसडी भाच्याच्या लॅपटॉपवर किल्ली न मागता उघडली होती ना? मग तुमच्याकडे बिटलॉकर नाही, खुशाल वाय दाबा.

आणि यूपीएसची बॅटरी बदला. बारा व्होल्ट सात एएचची साधी असते. बदलल्यावर मशीन चालू असताना भिंतीतला प्लग उपसून बघा, पाच मिनिटं तग धरते का. पुढचं अपडेट त्यानंतर.

—

जामसंडे, गुरुवार

संदेश आला, वाय दाबलं, ५६००जी चालू. लेबलं आता प्रिंटरलाच पळावं लागेल इतकी भराभर निघतात. बॅटरी आज दुपारी बदलली, प्लग उपसून घड्याळ लावलं, अकरा मिनिटं चालली.

—

प्रश्न : हर्णै (दापोली), गुरुवार रात्र

हे वाचून लिहितोय. माझ्या लॅपटॉपचं अगदी असंच झालंय, इंटेलचा आहे. मासळीच्या लिलावाचे हिशेब त्यावर आहेत. हाच उपाय चालेल का?

—

रत्नागिरी, गुरुवार रात्र

लॅपटॉपला थोडं वेगळं. काही कंपन्यांच्या लॅपटॉपांत ठराविक कळा दाबून धरत चालू केलं की स्वतःच रिकव्हरी सुरू होते. तुमच्या मॉडेलचं माहितीपुस्तक आधी बघा, क्लिप त्यानंतर. आणि इंटेलमध्ये चिपचे वेगळे भाग असतात, डिस्क्रिप्टर (भागांचा नकाशा), एमई (इंटेलचा स्वतःचा प्रोग्राम) आणि बायोस. कंपनीच्या फाइलीत बहुतेक वेळा फक्त बायोसचा भाग असतो. ती जशीच्या तशी पूर्ण चिपवर लिहू नका. जुनं वाचून, त्यातला फक्त बायोसचा भाग बदलून लिहायचं. वाचलेली फाइल मला पाठवलीत तर मी बघतो.

—

जामसंडे, गुरुवार रात्र

दादा, माझा प्रोग्रामर, क्लिप आणि अडॅप्टर आता रिकामे आहेत. दापोलीला एसटी पार्सलने पाठवते, काम झालं की परत पाठवा. आधी हिशेबाची डिस्क काढून उतरवून घ्या. आणि मी पार्सल टाकण्याआधी अंधारात टॉर्च आडवा धरून फोटो काढा आणि चिपवरची अक्षरं इथे लिहा. सगळी लिहा, एकही सोडू नका.